बारवेत उतरलेले भानूमामा

मंडळी, ऐका. एक साधा प्रश्न विचारतो, उत्तर मनातल्या मनात द्या. दान दिलं, हात जोडले — झालं का आपलं काम पुरं?

लगेच मान हलवू नका! आधी गोष्ट ऐका.

एका तालुक्याच्या गावी भानुदास लोणारे नावाचे गृहस्थ. कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिपाई. एकतीस वर्षं पोरांच्या काचेच्या नळ्या धुतल्या. पोरं साहेब झाली, भानूमामा नळ्याच धूत राहिले. बायको होती, ती गेली. मूलबाळ नाही. निवृत्तीनंतर दिवस असा लांबला, की सकाळी दूधवाल्याला दारात धरून ठेवायचे. काय बोलायचे? दुधाचंच बोलायचे!

गावामागे एक जुनी बारव — पायऱ्यांची विहीर. लग्न होऊन आली तेव्हा मामांची बायको तिथलंच पाणी भरायची. आता गावाचा कचरा तिच्यात. मामांनी साठवलेली पुंजी उचलली, कॉलेजला नेऊन दिली. म्हणाले, पोरांच्या हातून बारव मोकळी करा. फावडी-घमेली घ्या, आणि राबेल त्याला दुपारचं जेवण द्या. डबे मी पोचवीन.

सत्कार झाला. शाल आली, नारळ आला. आपल्याकडे एकदा शाल पांघरली, की माणसाचं पुढचं ऐकावं लागत नाही!

पहिल्या रविवारी चाळीस पोरं. फोटो निघाले. दुसऱ्या रविवारी नऊ. पाचव्या रविवारी — एक. वैजयंता खरमाटे. वसतिगृहात राहायची; आईबाप ऊसतोडीला, लांब कारखान्यावर.

ती खाली गाळ उपसायची, मामा काठावर डबा घेऊन बसायचे. दोघांनाही बोलायची सवय नव्हती. एकदा जेवताना मामांनी विचारलं, सगळी गेली, मग तू का येतेस? वाटलं, म्हणेल गावासाठी, पाण्यासाठी.

ती म्हणाली, "रविवारी आमची मेस बंद असते, मामा. जेवणासाठी येते."

काय झालं असेल त्या जिवाला? जन्माची पुंजी दिली, आणि उरलेलं एक माणूस — तेही भाकरीपुरतं! पुढच्या रविवारी मामा गेलेच नाहीत. भिंतीकडे बघत बसून राहिले.

दुपार कलल्यावर कडी वाजली. दारात वैजयंता, कोपरापर्यंत चिखल. मामांना वाटलं, डबा मागायला आली. ते आत वळणार, तोच ती म्हणाली, "आणखी तीन पायऱ्या लागल्या, मामा. दाखवायला कुणी नव्हतं."

मामा थांबले. "जेवलीस का?"

"नाही. आज डबा आला नाही."

उपाशी राबली होती पोरगी! मामांना तिच्याकडे वर बघवेना. त्यांनी पिठलं टाकलं, भाकरी थापली, तिला वाढलं. मग पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, तिच्यामागून गेले आणि बारवेत उतरले. पैसा कधीच उतरला होता, मंडळी — माणूस त्या दिवशी उतरला.

तेवीस पायऱ्या निघाल्या. वैशाखात तळाशी झरा मोकळा झाला. वैजयंता पदवी घेऊन शहरात नोकरीला लागली. फोन करते, कधी राहूनही जातो. मामा रविवारी पिठलं-भाकरी बांधून बारवेवर जातात. नव्या वर्षाची कधी तीन पोरं येतात, कधी एकही नाही. मग एकटेच पायऱ्या झाडतात. कुणी आलं तर शेजारी उभे राहून राबतात, आधी त्याला वाढतात. पण का आलास, हे त्यांनी पुन्हा कुणाला विचारलं नाही.

आता तुमच्याकडे वळतो. या देवळाच्या फरशीवर तुमची नावं कोरलेली आहेत — येताना वाचली मी! चांगलं आहे. पण मघाशी ओढ्यापलीकडे तुमच्याच कॉलेजच्या दोन पोरी झाडांना पाणी घालत होत्या. रोपं कुणाच्या देणगीची? तुमच्याच. मी विचारलं, गावातलं कुणी येतं का? त्या नुसत्या हसल्या.

उद्या सकाळी त्या पुन्हा तिथंच असतील. वाट तुम्हाला ठाऊक आहे.