कुंदा सिस्टर आणि माझा पंप

मंडळी, तुम्ही सगळे वेळ काढून कुंदा सिस्टरांच्या शोकसभेला आलात. मला चारचौघांत बोलायची सवय नाही. मध्येच थांबले तर सांभाळून घ्या.

मी स्नेहल. नाशिक रोडला राहते. कुंदा सिस्टरांशी माझं रक्ताचं नातं नाही. मी त्यांची पेशंट. चौदा वर्षांची होते, दमा होता आणि वजन ऐंशी किलो. वर्गात माझ्या बाकावर कुणी बसायचं नाही. पंप तोंडाला लावला की मागून हसायचे. म्हणून मी पंपच सोडला.

त्याच सुमारास रक्तात व्हिटॅमिन डी कमी निघालं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. आई म्हणाली, "आता याच गोळ्यांनी दमाही जाईल. पंपाची सवय नकोच." मला तेच हवं होतं. गोळी घेतलेली कुणाला दिसते?

आणि एक दिवस शाळेच्या जिन्यात मी मटकन बसले. श्वास आत जाईना. दवाखान्यात नेलं, तिथे कुंदा सिस्टर. वाफ देऊन होईपर्यंत पाठीवरचा हात काढला नाही त्यांनी. आईला म्हणाल्या, "ताई, गोळ्या दिल्यात तर द्या. पण त्यांच्या भरवशावर पंप बंद करू नका."

आई बाहेर गेल्यावर मला विचारलं, "पंप का नाही घेत गं?"

"हसतात सगळे."

वजन कमी कर, असं म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "शाळा सुटली की इथे ये. माझ्यासमोर घे. इथे कोण हसतंय बघू."

वर्षभर मी रोज जात राहिले. पंप घ्यायचा, मग दोघींनी उरलेला डबा खायचा. मला तेवढी एकच मैत्रीण होती. पंचावन्न वर्षांची.

दमा आटोक्यात आला. कॉलेज, नोकरी... जाणं सुटलं. त्यांचे फोन यायचे. "पंप चालू आहे ना?" मी म्हणायचे, "हो सिस्टर, नंतर बोलते." नंतर कधी बोलले मी?

परवा सिस्टर गेल्याचं कळलं, तशी त्यांच्या इंदिरानगरच्या घरी गेले. शेजारच्या काकू म्हणाल्या, "स्नेहल म्हणजे तूच? त्यांच्या तोंडी तुझ्याशिवाय कुणाचं नाव नसायचं. आम्हाला वाटायचं, भाची असशील."

पंपाचं निमित्त होतं, मंडळी. त्यांना बोलायचं होतं. मला कळलंच नाही.

आता दोन मिनिटं शांत उभे राहू या. मागे जे एकेकटे बसलेत, त्यांनी पुढे यावं. जवळ उभे राहा.

सिस्टर, नमस्कार करते.