गप्प करणाऱ्याला गप्प करायचं इंजेक्शन

...आणि वर मलाच म्हणतो, "गप्प बस!" आता तुम्हीच सांगा, ज्या माणसाला दुसऱ्याच मजल्यावर धाप लागते, त्या नवऱ्यानं बायकोला गप्प बसवावं? बरं, धंदा काय, तर लिफ्ट दुरुस्त करायची! म्हणजे लिफ्ट बंद असेल तिथेच याला बोलावणार, आणि मोटर कुठे, तर पार गच्चीवर. चढ बाबा! सासरा असाच चढता चढता गेला, हातात पाना होता. चुलतसासरा गेला भरल्या ताटावर. पन्नाशी ओलांडायची या घराण्यातल्या पुरुषांना सवयच नाही हो, रक्तातच चरबी! मग मोठ्या हॉस्पिटलात नव्या औषधाची चाचणी निघाली, आणि हा रांगेत पहिला.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं, बरं का. म्हणाल्या, "पेशीतली चरबी बाहेर काढणारे कामगार आपल्या अंगातच असतात. पण मायक्रोआरएनए म्हणून एक चिमुकली गोष्ट असते, ती त्यांचं काम बंद पाडते. हे इंजेक्शन तिलाच धरून ठेवतं." मी म्हटलं, "अहो, म्हणजे सासूच की! स्वतः काडी हलवायची नाही, आणि राबणारीला म्हणायचं, गप्प बस! तिचंच तोंड दाबणार तुम्ही?" बाई हसल्या, "अगदी तसंच!" चला, म्हटलं, उशिरा का होईना, सुचलं कुणाला तरी!

पण पुढे म्हणाल्या, अर्ध्यांना औषध, अर्ध्यांना नुसतं पाणी, कुणाला काय ते आम्हालाही ठाऊक नाही, शेवटी कळेल. शेवटी? कुणाच्या शेवटी, अहो? आणि हा बाहेर पडला छाती काढून! "मला औषधच मिळालंय. आतून कसं हलकं वाटतंय!" आणि वाटेतच तळणाचा पुडा बांधून घेतला. का, तर आत जागा झालीय!

मग सुरू झालं बघा... बूट घालता घालता मध्येच थांबायचा. डावा खांदा चोळायचा. ओठ राखेसारखे. मी म्हणायची, सांगू या बाईंना. "गप्प बस! छातीत दुखतं म्हटलं की नाव कापतात, औषध जाईल हातचं!" ऐकलंत? जीव वाचवणारं औषध जाऊ नये, म्हणून जीव जातोय ते सांगायचं नाही!

तपासणीला गेलो. बाकावर सगळे पुरुष ताठ बसलेले, जसे लग्नाला उभे आहेत. एकाच्या कपाळावर पंख्याखाली घाम. आणि सगळ्यांच्या बायका... खाली फरशीकडे बघत होत्या. एकही वर बघेना.

आत बाईंनी विचारलं, "छातीत दुखतं?" "छे!" "दम लागतो?" "छे छे!" आणि यानं टेबलाखालून माझा हात दाबला. बर्फासारखा गार हात, तुम्हाला सांगते! उठलेच मी. "दुखतं यांना! जिन्यात बसतात हे! आणि मला म्हणतात गप्प बस!" मग बाहेरच्या बाकावरून एका बायकोचा बारीक आवाज आला, "बाई... आमच्या यांनाही."

मशीनचा कागद बघून डॉक्टरीणबाईंचं हसू गेलं. तिथूनच स्ट्रेचरवर. अर्धा तास उशीर झाला असता तर खेळ खलास होता म्हणे. हृदयाची तुंबलेली नस उघडली, जगला. नाव कापलं गेलं ते गेलंच, आणि औषध होतं की पाणी ते अजून कुणी सांगत नाही. नवरा माझ्याशी बोलत नाही. नसेना का बोलत!

काल धाकटा दीर आला भेटायला. खुर्चीत टेकला, शर्टाची वरची दोन बटणं उघडली, वारा घेतला. म्हणाला, "वहिनी, दादाच्या जागी मी नाव देतोय. पण बरोबर तुम्ही येऊ नका हं, बायकोलाच नेतो. ती शहाणी आहे, बोलत नाही."

काय बोलू? आमच्या घराण्यात विधवा झाल्या त्या सगळ्या शहाण्याच होत्या.