रिकामं जू

आमच्या दारात गाडी उभी होती, पण जूच्या एकाच बाजूले बैल होता. दुसरी बाजू रिकामी. देवकीचा बाप, म्हंजे माझा नवरा, ते जू धरून उभा. आत दोन्ही लेकरं घटसर्पानं पडलेली, मोठी देवकी अन् धाकला नारायण. नारायणच्या गळ्यातून घर्र घर्र आवाज येऊन राह्यला होता. वैद्य सांगून गेला का वाशीमच्या दवाखान्यात सुई भेटते, आजच न्या, नाहीतर गळा बंद होते. वाशीमले जायचं तर आगगाडीनं, अन् आगगाडी जऊळक्याच्या टेशनावर, आमच्या गावाहून चार कोस.

दुसरा बैल कुठं गेला होता ते सांगते.

मी आसेगावाकडची. चौथी शिकली, मंग बापानं इकडं देऊन टाकली. आमच्या घरी गाडी होती, बैल एक. शेजारच्या गणपतकडं बी बैल एकच. दोघांची मिळून जोडी, एक दिवस आमच्या वावरात, एक दिवस त्याच्या. याले सावड म्हणतात. आमचं लगन व्हायच्या आधीपासून चालू होती.

तवा राज्य गोऱ्यांचं. कौन्सिलाचं मत सगळ्याइले नव्हतं, ज्याच्या नावानं शेतसारा भरला जाये त्यालेच. आमच्या गावात अशी थोडीच माणसं. मत पडे जऊळक्याले. पाटलाची दमणी, बसायची छपराची बैलगाडी, त्याइले घेऊन जाये, वाटंत पाटलाकडचं जेवण, अन् ज्याच्या दमणीत बसलं त्याच्याच माणसाच्या पेटीत चिठ्ठी. कोणी सांगत नव्हतं, कोणी इचारत नव्हतं. गावाचं मत म्हंजे दमणी जाये तिकडं.

त्या साली दोघं उभे होते, एक पाटलाचा, एक पांढऱ्या टोपीवाला. दोघाइच्या पेट्या वेगवेगळ्या रंगाच्या. टोपीवाला एक दिवस भर उन्हात आमच्या ओसरीवर आला, पाणी पेला, अन् देवकीच्या बापाले म्हणे, तुमाले काय वाटते? तो गेल्यावर हा मले म्हणे, याच्या आधी मले असं कोणी इचारलंच नव्हतं.

म्या म्हटलं, दमणीत बसा, पाटलाचं जेवा, अन् टाका ज्याच्यात टाकायची त्याच्यात, आत कोण पाहते? तर म्हणे, त्याच्याच गाडीत बसून त्याले दगा देणं माझ्याच्यानं होत नाही. अन् मताच्या दिवशी सकाळी पायीच निंगाला. दमणी बाजूनं गेली. गणपत आतून ओरडला, काबे, गाडीत जागा हाय, चप्पल कायले झिजवतं? यानं हात हालवला अन् चालत राह्यला. काय सांगू तुमाले, चिठ्ठी कोणी पाह्यली नाही, पण चालताना साऱ्या गावानं पाह्यलं.

निवडून टोपीवालाच आला. आमच्या ओसरीवर पुन्हा काही आला नाही.

गणपत आला. आपला बैल सोडला. म्हणे, वहिनी, मले या गावात राहा लागते.

तर त्या दिवशी देवकीचा बाप आधी गणपतकडंच गेला. गणपत खाली पाहून म्हणे, पाटलाले इचारून ये, मी देतो. पाटील सुपारी कातरत बसला होता. त्यानं सगळं आयकून घेतलं अन् म्हणे, जऊळक्याले तर तू पायीच जातं ना? मंग सुपारी कातरू लागला.

हा घरी आला, जू खाली ठेवलं, आतून नारायणले उचललं. म्या देवकीले घेतलं. दोघं निंगालो. वाटंत कादरभाई पिंजारी भेटला. त्यानं खांद्यावरची कापूस पिंजायची धुनकी झाडाले टेकवली अन् माझ्याजवळून देवकीले घेतलं. त्याले मत नव्हतं.

टेशनाच्या अलीकडं नाला हाय. तिथं घरघर थांबली. देवकीच्या बापाले वाटलं पोट्टं झोपलं. मले समजलं होतं. मी बोलली नाही. बोलली असती तर तो तिथंच खाली बसला असता अन् आगगाडी निंगून गेली असती. डब्यात बसल्यावर सांगितलं. कादरभाई नारायणले घेऊन खाली उतरला. त्याइच्या कबरस्तानात नाही, आपल्याच स्मशानात पुरलं त्यानं, गावातली दोन माणसं बोलावून. दोघाइत एक गणपत होता.

सुगी आली तसा गणपत बैल घेऊन दारात उभा राह्यला. पुन्हा सावड झाली. एका बैलानं नांगर चालत नाही.

आता मत सगळ्याइले हाय, मले बी हाय. पाटलाचा नातू जीप पाठवते. देवकीचा बाप होता तोवर पायीच गेला, पाऊस असो का ऊन. मी जीपमधी बसते. माझे गुडघे धरतात, अन् शिक्का कुठं मारला हे मी कोणाले सांगत नाही. देवकी म्हणते, बाई, त्याच्या जीपमधी बसतं तू? मी म्हणते, बसते.

दोन लेकरं घेऊन निंगालो होतो. देवकी जगली.