हा पास्कू कोण?

आजच्या सभेचे अध्यक्ष आदरणीय बाबाजी, व्यासपीठावरची थोर मंडळी, लष्करी भांडारातले माझे सहकारी, आणि नवघरपासून उत्तनपर्यंतच्या गावांतून वाट वाकडी करून आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

बढतीवर नागपूरला चाललोय म्हणून तुम्ही शाल दिलीत, नारळ दिलात, मानपत्र वाचलंत. त्यात ‘सचोटी’ हा शब्द तीनदा आला. खोटं कशाला सांगू, तिन्ही वेळा माझी मान खाली गेली.

त्रेसष्ट साली बाबाजी इथले पोलीस पाटील होते. भांडारात कायम व्हायचं तर चारित्र्याची चौकशी होऊन सुरक्षा-मंजुरी मिळायला हवी होती. आणि माझं चारित्र्य काय? दारूबंदीत रबरी ट्यूबमध्ये हातभट्टीची भरून खाडीतून नेताना सापडलेला, ठाण्याला तीन महिने आत काढून आलेला, वर सावकाराचं देणं. बाबाजी म्हणाले, “लवू, सगळं लिही. तू लपवलंस तरी मी कळवणारच.” आता हसताहेत, पण तेव्हा फार कडक होते हो! मी सगळं लिहिलं.

चौकशीच्या साहेबांनी आधी देण्याचं विचारलं. हप्त्यांच्या पावत्या दाखवल्या. मग त्यांनी कोर्टाचा जुना कागद पुढे ओढला. “सोबत पकडलेला हा पास्कू कोण? राहणार उत्तन, एवढंच लिहिलंय.”

आता तुम्हीच सांगा, उत्तनमध्ये पास्कू काय कमी आहेत? “माहीत नाही, साहेब,” म्हटलं असतं तर त्यांनी पान उलटलं असतं. पण आनंदीला दिवस गेलेले, आणि मला वाटलं, एवढं एक लपवलं तर सगळंच हातचं जाईल. मी म्हणालो, “आपल्याच भांडारातला पास्कल, साहेब. दोन वर्षांपूर्वी लागलाय.”

पास्कलने अर्जातला शिक्षेचा रकाना कोरा ठेवला होता. ट्यूबची अक्कल माझी; तो बिचारा माझ्या शब्दाखातर आला होता. आठवड्याच्या आत त्याची नोकरी गेली. त्याच आठवड्यात माझी मंजुरी आली. शेरा होता, ‘स्पष्टवक्ता, विश्वासपात्र.’

संध्याकाळी त्याने दारातून हाक मारली, “लवू, हायस का रं?” आत येऊन बसला. “माजा नाव कोनी सांगला रं? तुला काय ठावं हाय?” मी म्हणालो, “नाही बुवा.” चहा पिऊन गेला. पुढे भावाच्या होडीवर जाऊ लागला. सहासष्टच्या वादळात होडी परत आली, पास्कल आला नाही.

त्या हाकेला बारा वर्षं झाली. दारात कुणी हाक मारली की माझ्याच्याने ओ देववत नाही. आनंदी म्हणते, “अहो, बघा ना कोण आलंय.” मला बघायची भीती वाटते.

पास्कलच्या पत्नी ॲग्नेसबाई तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. नवऱ्याचा दोस्त म्हणून दर वर्षी आमच्याकडे सुकट आणून देतात. ॲग्नेसबाई, त्याचं नाव मी सांगितलं. हे न सांगता उद्या गाडीत बसलो असतो तर सांगायचं धाडस मला पुन्हा झालं नसतं.

अध्यक्षांचे आणि आपणा सर्वांचे मनापासून आभार. माझ्यामुळे समारंभाचा रंग गेला, बोलण्यात काही कमीजास्त झालं, ते सभागृहाने मोठ्या मनाने पोटात घालावं. ॲग्नेसबाई, तुम्ही मात्र घालू नका.