क्रुसाजवळचे चणे

बर्था : आधी पाणी प्या, मग सांगा. चार वाजता चौकीत गेलेला माणूस साडेआठला घरी येतो. मारलं का कुणी?

व्हिन्सेंट : नाही गं. चहा दिला. साहेब माणूस वाईट नव्हता.

सुभद्रा : चहा दिला, पन ती पाच पोरं भाऊंच्या डोक्यावर उभी होती. आपल्या गावातलं एक पन नाय.

बर्था : काल प्रार्थनेच्या वेळी मोबाइलवर शूटिंग करत होती, तीच का?

व्हिन्सेंट : तीच. म्हणे मे महिनाभर आम्ही रोज संध्याकाळी सातला क्रुसाजवळ माणसं जमवतो, माळेची प्रार्थना घेतो आणि शेवटी चणे वाटून हिंदूंना बाटवतो. पुरावा म्हणून व्हिडिओ दाखवला. त्यात चण्यांचं पातेलं घेऊन ही सुभद्रा.

सुभद्रा : मग? कालचे चने माझ्याच घरचे होते.

बर्था : ते आपल्याला ठाऊक. पुढे काय झालं?

व्हिन्सेंट : साहेबांनी कागद पुढे केला. यापुढे क्रुसाजवळ प्रार्थना घेणार नाही, एवढं लिहून सही करा, विषय मिटला म्हणाले. मी पेन घेतलं, बर्था.

बर्था : घेतलंत?

व्हिन्सेंट : घेतलं. खोटं कशाला बोलू, फाटली होती माझी. कोर्टकचेरी आठवली, आपल्या पोरीची, नॅन्सीची नोकरी आठवली. अर्धं नाव लिहूनही झालं. मग हात पुढे जाईना. उद्या सात वाजले की मी कुठे जाणार, एवढंच डोक्यात आलं. पेन ठेवलं. म्हटलं, साहेब, आत टाकायचं तर टाका, हे मी लिहिणार नाही.

बर्था : तुम्ही म्हणालात असं? झुरळाला घाबरणारा माणूस?

सुभद्रा : मी दारातच होती. माझ्या कानांनी ऐकलं, तसंच बोलले.

बर्था : तुला कुणी सांगितलं गं?

सुभद्रा : कुशलनी. वालीवला त्याच्या कारखान्यात कोनीतरी तो व्हिडिओ दाखवला त्याला. बोलला, आये, तुझ्यावरून भाऊंना बोलवलंय. तशीच रिक्षा पकडली. साहेबांना बोलली, चने माझे. माझा कुशल तीन वर्सांचा असताना तापानी हातचा जात होता. तवा त्या क्रुसाला बोलली होती, पोरगा उठू दे, दर मे महिन्यात एक दिवस चने माझ्या घरचे. एकवीस वर्सं झाली साहेब, मी हिंदू बाई घालते आनी हे खातात. तर कोन कोनाला बाटवतंय ते तुम्हीच बघा.

व्हिन्सेंट : साहेबांना हसू आवरेना. पोरांना म्हणाले, तक्रार लिहायचीच तर आरोपी म्हणून या बाईंचं नाव लिहा. पोरं एकेक करून निघून गेली. कागद साहेबांनी माझ्यासमोर फाडला.

बर्था : देवा, तुझे उपकार. सुभद्रा, इकडे ये गं. मला काही सुचत नाही, नुसतं रडू येतंय.

सुभद्रा : रड बाय. मी पन रिक्षात रडून घेतलं.

व्हिन्सेंट : एकाच गोष्टीचं वाईट वाटतं. आज माळ चुकली. बाबांच्या वेळेपासून कधी चुकली नव्हती.

बर्था : चुकली नाही.

व्हिन्सेंट : म्हणजे? कोण आलं?

बर्था : कुणीच नाही. भीतीने सगळ्यांनी दारं लावून घेतली होती. चौकीवर यायचं नाही असं मला बजावून गेलात. सात वाजले, घरात बसवेना. मेणबत्ती आणि सतरंजी घेतली आणि गेले.

व्हिन्सेंट : एकटी? आणि ती पोरं परत आली असती तर?

बर्था : तेच मनात होतं. 'नमो मारिये' पण मीच म्हणायचं आणि लोकांनी द्यायचं त्याचं उत्तरही मीच द्यायचं. अर्धी माळ अशीच म्हटली.

सुभद्रा : आनी मग?

बर्था : मग मागून कुणीतरी उत्तर दिलं. शेजारच्या आलोशियसच्या आईचा आवाज वाटला. मग आणखी एक. मागे वळून बघायचा धीर होईना, म्हटलं, आधी माळ पुरी होऊ दे.

व्हिन्सेंट : किती जण होते?

बर्था : मोजले नाहीत. सतरंजी पुरली नाही, आपल्या गावातली पोरं मातीत बसली होती.