एका मेपलचे अनेक मालक

आर्मंड : हो, मी लोकांशी खोटं बोललो. पण सिरप मात्र—

क्विंबी : थांबा. पुन्हा.

आर्मंड : अहो वकीलबाई, वाक्य तरी पुरं होऊ द्या.

क्विंबी : तुमचं वाक्य 'बोललो'पाशी पुरं झालं. त्याच्या पुढच्या शेपटापायी मागच्या महिन्यात न्यायाधीशबाईंनी फाइल मिटली. म्हणाल्या, "ह्या गृहस्थांना गुन्हा कबूल करायचाय की सिरपची जाहिरात?" आज दुसरी संधी दिलीय. तिसरी मिळायची नाही.

आर्मंड : मी कबूल करायलाच तर उभा राहिलो होतो.

क्विंबी : कमी शिक्षेवर राजी व्हायला त्या सरकारी वकिलाला मी कसं वळवलंय, माझं मला ठाऊक. आज कबुली फसली की तो करार गेला. मग खटला, समोर निकाल द्यायला बारा पंच, आणि हरलात की उरलेलं आयुष्य आत. त्यात त्या बारा जणांनाही तुम्ही झाडं विकायला निघाल.

आर्मंड : बारा गिऱ्हाइकं म्हणजे वाईट नाही.

क्विंबी : आर्मंड!

आर्मंड : गंमत केली हो. कोर्टाबाहेरच्या बाकावर माणसाने हसायचंही नाही?

क्विंबी : मघाशी दारावर तपासणीच्या शिपायाला काय सांगत होतात?

आर्मंड : त्याच्या मुलीचं लग्न आहे. मी म्हटलं, लग्नात झाड द्यावं. नातवंडांपर्यंत पुरतं.

क्विंबी : तुमचा पट्टा त्याच्या ट्रेमध्ये, एका हाताने तुम्ही पँट सावरताय, आणि त्याला झाड विकताय!

आर्मंड : विकत नव्हतो. सुचवत होतो.

क्विंबी : बरं, पहिल्यापासून. मी न्यायाधीश. "मिस्टर लेतूर्नो, सध्या काही औषधं घेता?"

आर्मंड : रक्तदाबाची.

क्विंबी : "वकिलांच्या कामाबद्दल समाधानी आहात?"

आर्मंड : हो, पण—

क्विंबी : इथेही?

आर्मंड : डोनट एकच आणलात.

क्विंबी : मला सरकारने तुमच्यासाठी नेमलंय, डोनट सरकार देत नाही. तो माझ्या पदरचा आहे, गपचूप खा. "आता तुम्ही काय केलंत, ते स्वतःच्या शब्दांत सांगा."

आर्मंड : माझ्या दारात, अगदी रस्त्याला लागून, मेपलचं एक झाड आहे. ते मी विकलं, वर दरवर्षी त्याच्या रसाचं सिरप घरपोच.

क्विंबी : कुणाला?

आर्मंड : ज्यांना ज्यांना आवडलं त्यांना.

क्विंबी : म्हणजे सगळ्यांना.

आर्मंड : झाडच तसं आहे हो! प्रत्येकाच्या नावाची पितळी पाटी केली होती मी. मालक बघायला आला की त्याची पाटी टांगायची, तो वळणाआड गेला की उतरवायची. एकदा कनेटिकटचा दंतवैद्य आणि न्यूजर्सीची एक विधवाबाई एकाच दुपारी आले. बाईंना आत ॲपल पाय खायला बसवलं, तोवर बाहेर दंतवैद्याचा झाडाला मिठी मारून फोटो काढला, मग त्याला मागच्या दाराने भोपळे बघायला पाठवला आणि—

क्विंबी : हे अभिमानाने सांगायचं नसतं.

आर्मंड : मेहनत तरी मोजा. गावच्या कोर्टात नेलं असतं ना, तिथले न्यायाधीश पोट धरून हसले असते.

क्विंबी : फोन उचलून दुसऱ्या राज्यातल्या माणसाला फसवलंत की मामला वॉशिंग्टनचा, केंद्र सरकारचा होतो. आणि वॉशिंग्टनला हसू येत नाही. ...त्या निळ्या टोपीवाल्या बाई आपल्याकडेच येतायत का?

आर्मंड : अरे देवा. ओडील. माझी मोठी बहीण. तिचंही एक झाड आहे.

क्विंबी : तेच?

आर्मंड : झाड एकच आहे ना बाई.

क्विंबी : आरोपपत्रात त्यांचं नाव नाही.

आर्मंड : तिने तक्रारच केली नाही. तपासवाले दारात आले तर त्यांना सूप पाजून परत पाठवलं.

क्विंबी : मग नीट ऐका. तुम्ही मला जे सांगता ते गुपित राहतं. तिसऱ्या माणसाच्या कानावर पडलं की ते गुपित नाही, साक्ष आहे. त्यांच्यासमोर झाडाबद्दल एक अक्षर काढायचं नाही.

ओडील : उशीर झाला नाही ना? गाडी चिखलात रुतली होती, एका दूधवाल्याने ओढून काढली. आर्मंड, काही खाल्लंस का? ओठाला साखर लागलीय बघ.

आर्मंड : ताई, तू कशाला आलीस एवढ्या लांब?

ओडील : एक विचारायचं होतं. आत गेल्यावर परत कधी विचारायला मिळेल कुणास ठाऊक. माझं झाड कुठलं?

क्विंबी : बाई, आज हवा फार छान पडलीय, नाही?

ओडील : पाऊस पडतोय. आर्मंड, तुझा मेव्हणा रोलाँ गेल्यापासून दर वसंतात मी तिथे जाऊन उभी राहते. पाटीवर त्याचं नि माझं नाव. घरातलं सगळं सांगते त्याला. तू दरवेळी म्हणायचास, "निघताना फोन कर हं."

आर्मंड : रस्ता खराब असतो, म्हणून.

ओडील : एकदा फोन न करता आले. पाटीवर कुणा डॉक्टर हॉलिस्टरचं नाव. तू म्हणालास, वाऱ्याने पाट्यांची अदलाबदल झाली.

क्विंबी : वाऱ्याने?

आर्मंड : वारा होता त्या दिवशी.

ओडील : मी मान डोलावली. म्हटलं, आज लाजलाय, उद्या सांगेल. ते उद्या काही आलं नाही.

आर्मंड : ताई, तुझं झाड...

क्विंबी : आर्मंड, नका.

आर्मंड : तुझं झाड नाहीच, ताई. कुठलंच नाही. मी तुझ्याशी खोटं बोललो.

ओडील : पुढे?

आर्मंड : पुढे काही नाही.

क्विंबी : आर्मंड! 'पण' आला नाही! हेच, अगदी ह्याच आवाजात आत म्हणा. फक्त बहिणीला वगळा.

आर्मंड : आणि ते सिरपही माझं नव्हतं. कॅनडातून, क्विबेकहून पिंपं आणायचो, रात्री लेबलं चिकटवायचो.

क्विंबी : अहो, हे आरोपपत्रात नाही! आणि मागच्या महिन्यात शपथेवर "सिरप उत्तम होतं" म्हणालात!

आर्मंड : उत्तमच होतं. क्विबेकचं होतं.

क्विंबी : सकाळपासून खरं बोला म्हणून घसा कोरडा केला. आता हात जोडते, गप्प बसा.

ओडील : सिरपचं मला पहिल्या घोटालाच कळलं. तुझ्या हातचं कायम करपायचं.

आर्मंड : रागावलीस?

ओडील : तर! झाडाखाली उभं राहून मी हॉलिस्टरच्या झाडाला माझ्या गुडघ्याचं दुखणं सांगितलं. रोलाँ असता तर हसून हसून खुर्चीतून पडला असता.

क्विंबी : चला, नाव पुकारलं. आर्मंड, 'बोललो'पाशी थांबायचं.

आर्मंड : सवय आहे हो बाई. जीभ आपोआप पुढे जाते.

ओडील : मी पहिल्या बाकावर बसते. जीभ पुढे गेली की खोकेन.

क्विंबी : खोकण्याला कायद्याची काही हरकत नसावी.

(कोर्टाच्या आत. न्यायाधीशबाईंनी शेवटचा प्रश्न विचारला आहे.)

आर्मंड : एकच झाड मी पुष्कळांना विकलं. प्रत्येकाला म्हटलं, हे फक्त तुमचं. ते खोटं आहे हे सांगतानाच मला ठाऊक होतं. लोकांनी विश्वास ठेवला. काहींनी तर त्या झाडाला आपली दुःखं सांगितली. प—

ओडील : खक्.

आर्मंड : एवढंच, युवर ऑनर.