मुलाकडचे आत बसलेत

"कार्टूनमधला राजपुत्र किती गोड होता गं! ह्यो खरा माणूस घेतला आन् सगळी चव घालवली."

जुन्या कार्टूनवरून खरी माणसं घेऊन केलेल्या सिनेमाचं मध्यंतर झालं होतं. बायकांच्या टॉयलेटच्या रांगेत माझ्यापुढे ही आत्या, तिची वहिनी आणि वहिनीची लेक धम्मप्रिया. मुलामुलीनं एकमेकांना जरा ओळखावं, म्हणून दोन्ही घरं मिळून सिनेमाला आली होती.

"वन्सं, हळू बोला. त्याची आई येईल मागनं."

"मी सिनेमाचं बोलायलीय की, वैनी."

"गाणी बाकी चांगली हायत."

"ऐकू दिली कुटं त्यानं? दर गाण्याला आपलं, 'ही गात बसली तर सैपाक कोण करणार?'"

"गमतीनं म्हणाला असंल."

"आई, मी जरा गुणगुणले, तर म्हणाला, लग्नानंतर हे असलं चालणार नाही."

"नोकरी चांगली हाय त्याची."

"व्हय, आन् फोटूतबी लई चांगला दिसतो."

"प्रिया, राजकन्येचा झगा कसा वाटला तुला?"

"छान आहे, आई."

"मला तर लई आवडला. किती घेर त्याला!"

"वैनी, झगा राहू द्या. स्थळ मी आणलंय म्हणून तुमी दोघी गप हाय, कळतंय मला. मला ते पोरगं आजिबात आवडलं न्हाय."

"आवो वन्सं, मग पैल्या गाण्यालाच बोलायचं की! मी आपली कवाधरनं झग्यावर बोलत बसलीय."